सत्काराची शाल आणि चिलाप्याची खाज

चर्चेतून सुटणार नाही असा प्रश्न जगात नाही, ही आमच्या घराण्याची श्रद्धा आहे. आमच्या कुत्र्याला खाज सुटली, तेव्हा आम्ही त्या खाजेवर जवळजवळ सगळा उन्हाळा चर्चा केली. चर्चा उत्तम झाली. कुत्रा खाजवतच राहिला.

या श्रद्धेचे मूळ म्हणजे माझे वडील, आबा. आबा कन्हेरीकडच्या एका दूध संस्थेचे बरीच वर्षे संचालक होते. संस्था आता नाही, आबांचे संचालकपण मात्र शाबूत आहे. आम्ही जळोचीला बंगला बांधला (बंगला म्हणजे वर गच्ची असलेल्या चार खोल्या) आणि आबा मळा सोडून आमच्याकडे राहायला आले, तेव्हा सामान म्हणून त्यांनी एक लोखंडी कपाट आणि सभा घेण्याची सवय एवढेच आणले. तेव्हापासून आमच्या घरात गॅसची टाकी बदलायची म्हटली तरी सूचक आणि अनुमोदक लागतो.

कपाटात शाली होत्या. आमच्याकडे माणूस कुठल्याही कार्यक्रमाला गेला की शाल-श्रीफळ चुकत नाही. नाही गेला तर घरी आणून देतात. नारळ चटणीत जातो, शाल राहते. आबांनी शालींची प्रतवारी लावली होती. मंत्र्यांच्या हातच्या सर्वांत वर, आमदारांच्या त्याखाली, पतसंस्थांच्या त्याखाली आणि गणेश मंडळांच्या अगदी तळाला. मंडळांच्या सगळ्या शाली मरून रंगाच्या, जरीच्या काठाच्या. सगळी मंडळे एकाच दुकानात जात असावीत. तळाचा कप्पा ओसंडून वाहू लागला, तेव्हा आबांनी मोठ्या मनाने त्यातली एक शाल चिलाप्याला अंथरायला दिली.

चिलाप्या म्हणजे आमचा कुत्रा. एकदा भिगवणला मासे खाऊन निघालो, तर हॉटेलच्या मागून हे पिल्लू तोंडात चिलापी माशाचे डोके धरून आले आणि आमच्या गाडीत बसले. उतरवले, तर पुन्हा बसले. घर येईपर्यंत त्याने ते डोके सोडले नाही. त्यामुळे नाव शोधायचा त्रास वाचला.

पाडवा झाला आणि चिलाप्या खाजवू लागला. आधी कानामागे, फावल्या वेळात. मग पाठीवर, शेपटीच्या बुडाशी. चालता चालता मध्येच बसायचा आणि मक्याचे कणीस कुरतडावे तसा स्वतःला कुरतडायचा. कमरेवरचे केस विरळ झाले. खाली गुलाबी कातडी दिसू लागली. आम्ही म्हणालो, ऊन वाढलंय, होतं असं.

तसे ते चालूनही गेले असते. पण त्याच सुमारास आमची मुलगी पूनम पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. ती इंदापूरला दिलेली. माझी बायको रंजना हिने डिंक, मेथी, खारीक भरून डबे तयार ठेवले होते आणि जुन्या सुती साड्या धुऊन त्यांची दुपटीही शिवली होती. घरात कुणी दुपट्याला हात लावला तर ती वाघिणीसारखी अंगावर यायची. अशा वेळी एके दुपारी विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

"रंजनाताई, तुमच्या मागं काय हालतंय वो?"

"कुठं? ते होय... कुत्रा आहे आमचा."

"खाजवतंय जणू."

"असंच हो. सवय आहे त्याला."

"आसंच कोण खाजवतं? खरूज आसंल. हे बगा ताई, लेकरू यायचं त्या घरात. कुत्र्याची खाज गेल्याबिगर पूनमला धाडायची न्हाय मी. पयलं बाळंतपण हितंच करू. आमाला काय जड न्हाय."

फोन बंद झाला. रंजना दुपट्यांच्या ढिगाकडे बघत बसली. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "कुत्र्याची खाज तरी घालवा, नाहीतर कुत्रा तरी." तिसरा पर्याय मी होतो, हे तिच्या आवाजावरून मला कळत होते.

रात्री पूनमचा फोन. "पप्पा, काहीही करा, पण मला तिकडंच यायचंय. इथं मी शिंकले तरी चार जणी काढा घेऊन येतात! आणि चिलाप्याला मळ्यावर सोडलं तर मी बोलणार नाही तुमच्याशी."

आबांनी तातडीची सभा बोलावली.

"विषय क्रमांक एक," खुर्चीत सरसावून ते म्हणाले. "कुत्र्याची खाज."

"विषय क्रमांक दोन आहे का?" मी विचारले.

"आयत्या येळंला बघू. माझ्या मतं त्याच्या अंगात उष्णता हाय. ताकानं अंगूळ घाला."

"उष्णता नाही न् काही नाही," रंजना म्हणाली. "माशांनी झालंय. भिगवणला गेलं की हे त्याला मासे चारतात. आपण खातात ते खातात."

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. पुस्तके वाचण्यापेक्षा ती जागेवर ठेवण्यात माझी हयात गेली, तरी अशा प्रसंगी माझ्याकडे अपेक्षेने पाहिले जाते. मी घसा साफ करून सांगितले की कुत्र्यांना गवताच्या परागांपासून सतरंजीतल्या धुळीपर्यंत, आणि गव्हापासून कोंबडीपर्यंत कशाचीही ॲलर्जी असू शकते.

"म्हंजी सगळ्याचीच," आबा म्हणाले. "मग वाचून काय कळलं?"

अखेर कुणाचेच मन दुखवायला नको म्हणून तिन्ही मते सर्वानुमते मंजूर झाली. (सहकारात असेच असते.) अंमलबजावणी ज्येष्ठतेनुसार.

पहिला मान ताकाला. गच्चीवर बादलीभर ताकात चिलाप्याला बुचकळून काढला. त्याने स्वतःला चाटून पुसून स्वच्छ केले आणि आणखी मिळेल का अशा नजरेने आमच्याकडे पाहिले. ताकाच्या वासाने गल्लीतल्या सगळ्या मांजरांनी आमच्या फाटकाशी धरणे धरले. त्यातल्या दोघी आत येऊन चिलाप्याच्या शालीवर लोळूनही गेल्या. खाज होती तिथेच.

मग मासे बंद झाले. चिलाप्या दोन जेवणे भाकरीकडे पाठ करून बसला, आणि पाठ करून बसल्यामुळे ती खाजवायला त्याला उलट सोयीचे झाले.

मग माझी पाळी. माझ्याकडे कोंड्याचा एक औषधी शांपू होता. बाटलीवर 'खाज सुटणाऱ्या त्वचेसाठी' असे छापलेले होते. कुणाच्या त्वचेसाठी, हे छापलेले नव्हते. मी चिलाप्याला रोज सकाळी त्या शांपूने न्हाऊ घालू लागलो. आठवड्यात तो नवरदेवासारखा घमघमू लागला, पाठीवरून कोंडा गळू लागला आणि खाज दुप्पट झाली! आता तो रात्रंदिवस खाजवत होता. पायाची नखे फरशीवर आपटून होणारी टकटक ऐकून आबा झोपेतून "कोन हाय?" म्हणून उठू लागले.

एवढ्यात कन्हेरीच्या मळ्यावरून फोनवर सूचना आली की ट्रॅक्टरचे जळके ऑईल चोळा, गुण येईल. रंजना म्हणाली, "ज्याला सुचलंय त्याला आधी चोळा." हा ठराव सभेत न जाताच मंजूर झाला आणि आम्ही चिलाप्याला घेऊन बारामतीत जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. हे पहिल्याच दिवशी करता आले असते, हे आमच्यापैकी कुणी मोठ्याने म्हणाले नाही.

"काय काय लावलंय?" डॉक्टरांनी विचारले.

मी सांगितले. ते लिहीत होते. ताकापर्यंत लिहिले, शांपूपाशी पेन खाली ठेवले.

"अजून काही राहिलं असेल तर सांगा."

"जळकं ऑईल राहिलंय."

"ते राहू दे. चाटलं असतं तर विषबाधा झाली असती. आणि तुमचा शांपू तुमच्याच डोक्याला ठेवा. त्याची कातडी वेगळी असते. रोज धुऊन धुऊन पार कोरडी करून टाकलीय तुम्ही."

मग त्यांनी एका बारीक दातांच्या फणीने चिलाप्याची पाठ विंचरली आणि फणीतली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली. कण्यांभोवती हळूहळू लालसर डाग उमटले.

"ही माती नाही. पिसवांची विष्ठा आहे. म्हणजे त्यांनी प्यायलेलं याचंच रक्त. काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेचीच ॲलर्जी असते. एक-दोन चावल्या तरी अंगभर खाज."

ॲलर्जी हा शब्द ऐकून मी आबांकडे विजयाने पाहिले. आबांचे लक्ष नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर संस्थेत अपहार निघाल्यासारखा भाव होता.

"पिसवा? आमच्या घरात? डॉक्टर, ह्यो कुत्रा शालीवर झोपतो."

"कसल्या शालीवर?"

"सत्काराच्या."

"पिसवांना ते कळत नाही, आबा." डॉक्टरांनी औषधाचे थेंब चिलाप्याच्या मानेवर, केस बाजूला सारून, थेट कातडीवर सोडले. "आणि हे बघा, कुत्र्याच्या अंगावर असतात त्या थोड्या. अंडी, अळ्या, कोष, बाकीचा सगळा संसार अंथरुणात असतो. ती शाल टाकून द्या. नाहीतर उकळत्या पाण्यातून काढा. घराचे कानेकोपरे झाडून घ्या. नुसता कुत्रा बरा करून भागत नाही."

घरी आल्यावर पुन्हा सभा. विषय, शाल.

"टाकून द्या," रंजना म्हणाली.

"सत्कार टाकून देत्यात व्हय?"

"मग उकळते."

"आगं, जर हाय तिला! काळी पडंल. मान्साचा मान उकळायचा आसतो का?"

आबांच्या मते मे महिन्यातले बारामतीचे ऊन सोसेल असा प्राणी अजून जन्माला यायचा होता. ठराव असा झाला की शाल गच्चीवर उन्हात ठेवावी. दुरुस्ती अशी आली की रंग उडू नये म्हणून घडी करून ठेवावी. सूचक आबा, अनुमोदक आबा. अंमलबजावणी माझ्याकडे.

मी शाल घडी करून उन्हात ठेवली आणि संध्याकाळी खाली आणली. आता ती चिलाप्याला द्यायची नव्हती, त्याला धुतलेली चादर मिळाली होती. मग शाल ठेवायची कुठे? आयुष्यभर मी एकच गोष्ट निष्ठेने केली आहे. वस्तू तिच्या वर्गात ठेवायची. मी कपाट उघडले आणि मरून शाल मरून शालींमध्ये व्यवस्थित सरकवून ठेवली. मला समाधान वाटले.

औषधाने गुण आला. रंजनाने सगळे घर झाडून पुसून लख्ख केले. महिन्याभरात चिलाप्याच्या पाठीवर लव आली, तो रात्री घोरू लागला आणि आबाही. रंजनाने इंदापूरला फोन करून खाज गेल्याची बातमी दिली. विहीणबाई म्हणाल्या, "आमी सोता येऊन बगतो."

आले. आमचे व्याही माणिकराव हे तिकडच्या एका पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, आणि घोटभर पाणी प्यायले तरी त्या पाण्यावर दोन शब्द बोलणार. विहीणबाई चहा घेण्याआधी व्हरांड्यात जाऊन चिलाप्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. चिलाप्या निवृत्त न्यायाधीशासारखा पंजावर पंजा ठेवून पडला होता. माशी नाकावर बसली तरी हलला नाही. विहीणबाईंनी त्याचे कान उलटून पाहिले, पाठ चाचपून पाहिली आणि आत येऊन म्हणाल्या, "हाय बाबा, शांत हाय."

रंजनाचा चेहरा उजळला. तेवढ्यावर थांबलो असतो तर पूनम त्याच आठवड्यात घरी आली असती. पण पाहुणे दाराशी आले आणि सत्कार झाला नाही, असे आबांच्या कारकिर्दीत घडलेले नाही.

"शाल आन रं," ते मला म्हणाले. आणि हळूच, "वरच्या कप्प्यातली नको."

मी कपाटाच्या तळातून पहिली हाताला लागली ती मरून शाल काढली. (ती तीच होती. वर्गीकरणाचा हाच दोष आहे. एका वर्गातल्या वस्तू सारख्या दिसतात.) आबांनी माणिकरावांना गंध लावले, नारळ दिला आणि शाल पांघरली. मग भाषण सुरू केले.

भाषण चालू असताना शाल काढायची नसते, हा आमच्याकडचा अलिखित नियम आहे. आबा दोन्ही घराण्यांच्या परंपरेवर बोलले. पाहुण्यांच्या साधेपणावरही बोलले. पाहुणे साधेपणाने उजवा खांदा किंचित हलवू लागले. मला वाटले, भारावले.

मग माणिकराव उत्तराला उठले. आता मी नीट पाहू लागलो. "पाणी," ते म्हणाले, आणि त्यांचा हात मानेमागे गेला. "पाणी म्हंजी जीवन," हात काखेत गेला. "ज्याला पाण्याची किंमत न्हाय..." इथे दोन्ही हात पाठीवर जाऊन भेटले. वक्ता मोठा होता, प्रत्येक खाजेला त्याने हावभावाचे रूप दिले. व्हरांड्यातून चिलाप्या उठून दारात आला आणि मान तिरपी करून एकाग्रतेने ऐकू लागला. त्या घरात त्या भाषणाचा आशय समजणारा तो एकटाच होता.

"आवो, काय करताय?" विहीणबाईंनी विचारले.

"भाषान करतोय."

"खाजवताय की!"

आम्ही सगळे आशेने चिलाप्याकडे पाहू लागलो, पण तो मेला खाजवायला तयार नव्हता. रंजनाची नजर शालीच्या काठावर गेली. तिथे जरीत अडकलेला एक आखूड, तांबूस केस उन्हात चमकत होता. मग तिची नजर माझ्याकडे आली. त्या नजरेचा अर्थ लावायला ग्रंथपाल लागत नाही.

"पाव्हणं, उकडतंय, काढा की शाल," मी घाईने पुढे झालो.

"छ्या, छ्या! मानाची हाय," माणिकराव शाल घट्ट आवळत म्हणाले.

"सकाळी उसात हिंडलं आसतील," विहीणबाई म्हणाल्या. "पानांची कूस अंगाला लागली आसंल. आमच्या ह्यांना किती सांगितलं, पाव्हण्याकडं जाताना उसात शिरू नगा!"

"व्हय, कूसच आसंल," आबा म्हणाले. आम्ही सर्वांनी या सूचनेला अनुमोदन दिले.

माणिकराव शाल पांघरूनच गाडीत बसले. काच खाली करून विहीणबाई म्हणाल्या, "कुत्रं बरं हाय. पर घाई नको. इच्यार करून कळवते." गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत माणिकराव हात हलवत होते. निरोप म्हणून की कसे, ते सांगता येत नाही.

मी डॉक्टरांना फोन केला. शालीत अजून पिसवा कशा, असे विचारले. ते म्हणाले, "कोषातल्या पिसवा अंधारात आठवडेच्या आठवडे नुसत्या पडून राहतात हो. ऊब, हालचाल आणि श्वास जाणवला, की बाहेर येतात. त्या शालीचं नेमकं केलं काय तुम्ही?"

"एकाला पांघरली. त्यानं भाषण केलं."

"मग बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. इंदापूरहून निरोप नाही. रंजना माझ्याशी 'जेवा' आणि 'उठा' एवढेच बोलत होती. दुपटी तिने ट्रंकेत ठेवून दिली. आबांनी सभा बोलावली नाही, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. खरे सांगून टाकावे म्हणून मी दोनदा फोन हातात घेतला. पण व्याह्यांना 'आम्ही तुम्हाला कुत्र्याचं अंथरूण पांघरलं' हे कुठल्या शब्दांत सांगायचे, याचे उदाहरण कुठल्या पुस्तकात सापडेना.

मग पूनमचा फोन आला. दबक्या आवाजात.

"पप्पा, मामंजींना दिलेली शाल कुठली हो?"

"का गं?"

"बैठकीत दिवाणावर अंथरलीय. तिला चिलाप्याचा वास येतोय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सगळं घर खाजवतंय इथं. मी वरच्या खोलीत आहे म्हणून वाचले. मामंजी म्हणतात ऊस, सासूबाई म्हणतात गादीतले ढेकूण."

"तू काय म्हणालीस?"

"मी कशाला काय म्हणू?" पूनम म्हणाली. "मला यायचंय ना."

आणि संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. आवाज पार बदललेला. "ताई, पूनमला उद्याच्या उद्या घिऊन जावा. आमच्या घरात काय चावतंय कळंना. लेकराच्या दृष्टीनं तुमचंच घर बरं. कुत्रं आसून किती निर्मळ ठिवलंय तुमी!"

दुसऱ्या दिवशी पूनम घरी आली. चिलाप्या तिच्या पायांत लोळला, रंजनाने ट्रंकेतून दुपटी काढली आणि मला न मागता चहा मिळाला. आबांनी लगेच सभा घेतली. इंदापूरच्या पाहुण्यांना संकटात मदत करणे आपले कर्तव्य आहे, असा ठराव झाला आणि त्या कामी माझी एकमताने निवड झाली. एक मत आबांचे होते.

डॉक्टरांकडून फवारणीचे औषध घेऊन मी इंदापूरला गेलो. दिवाण बाहेर काढला, कोपरे झाडले, औषध मारले. शाल उकळायला लागेल म्हटल्यावर माणिकराव गलबलले. "मानाची हाय वो," म्हणाले. तरी मी ती परसात चुलीवरच्या पातेल्यात टाकली. ती उकळेपर्यंत ते टोपी काढून शेजारी उभे राहिले.

निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला. "पाव्हणं," ते म्हणाले, "तुमाला ह्यातलं एवढं कसं वो ठावं?"

"वाचलंय," मी म्हणालो.

"तुमच्यासारखा अभ्यासू मानूस आमच्या नात्यात हाय, हे आमचं भाग्य. इद्वान मानूस धा जनांत न्याराच दिसतो बगा."

मी नम्रपणे मान खाली घातली आणि ते शब्द मनात घोळवत आणि पाठ खाजवत स्टँडवर आलो. लग्नसराई होती. बारामतीच्या एसटीत माणसे दारापर्यंत उभी होती. माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.